लिंबाजीअण्णा ऐकायला बसले

माझी भाची पुण्याला असते. मागच्या दिवाळीत ती श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापूरला आली ती मनगटावर एक चुरगळलेली कागदी पट्टी घेऊनच. कुठल्याशा मैदानात हजारो माणसांत उभं राहून तिनं तीन तास गाणी ऐकली होती, त्या कार्यक्रमाच्या प्रवेशाची ती पट्टी. कार्यक्रम होऊन पंधरवडा उलटला होता, तरी पट्टी काही उतरत नव्हती. अंघोळीला जाताना ती हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायची. मग तिनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. त्यात गायक माझ्या नखाएवढा दिसत होता आणि गाण्यापेक्षा भाचीच्या किंकाळ्याच जास्त ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "छान आहे हो." आत्यांना असं म्हणावंच लागतं.

"आत्या, तू तर चाळीस वर्षं मैफली ऐकतेयस. तुझी सगळ्यात आवडती कुठली?" तिनं विचारलं.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि शाळेतून उरलेला वेळ गावातल्या आमच्या चिमुकल्या संगीत मंडळाच्या चिटणीसपणात घालवला. चिमुकलं म्हणजे खरोखरच चिमुकलं. आमचे डॉक्टर अध्यक्ष, मी चिटणीस, आणि बाकीचे चार-पाचजण सतरंज्या घालायला. तरी मोठमोठे गवई आमच्याकडे येऊन गेले. तेव्हा सांगायला नावं पुष्कळ होती. पण तोंड उघडलं आणि एकही नाव ओठावर येईना. डोळ्यांसमोर आली ती पहिल्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची, आणि तिच्यावर गुडघे जुळवून, फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसलेला, पांढरी टोपी घातलेला एक माणूस. लिंबाजीअण्णा. आमचे साउंडवाले.

आमच्या मंडळाच्या एकूण एक मैफलींना हजर असलेला हा एकटाच माणूस. डॉक्टरांचे पेशंट आडवे यायचे, माझ्या घरची आजारपणं, लग्नकार्यं आडवी यायची. अण्णा कधी चुकले नाहीत. आणि तरी त्यांनी एकही मैफल ऐकलेली नव्हती.

अण्णा मूळचे जामखेडकडचे. आईबापांबरोबर ऊसतोडीला इकडे यायचे. एका हंगामात कारखान्याच्या पटांगणात कसला तरी कार्यक्रम होता आणि चिंचेच्या झाडाला कर्णा बांधला होता. कुणीतरी माईकवर नुसतं 'हॅलो' म्हटलं. अण्णा सांगायचे, "बाई, मला वाटलं झाडच बोललं. मी हात जोडले." हंगाम संपला, टोळी गावाकडे परत गेली, अण्णा गेले नाहीत. एका मांडववाल्याकडे वायरी गुंडाळायला राहिले. पुढे स्वतःची मशीन घेतली. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा एक टेम्पो, स्पीकरचे चार बॉक्स, दोन कर्णे, एक मिक्सर आणि गयाबाई एवढा त्यांचा संसार होता. गयाबाई म्हणजे त्यांची कारभारीण. तिला मी सामानाच्या यादीत शेवटी टाकलं, कारण आम्ही सगळे तेव्हा तसंच करत होतो. त्याची लाज मला पुढे वाटली, ती यथावकाश सांगेन.

आमची पहिली गाठ शाळेच्या गॅदरिंगला पडली. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बसायचं विसरले. पोरं चुळबुळत होती, नाचाचे कपडे घातलेल्या मुली विंगेत थंडीनं कुडकुडत होत्या. हळूहळू पाहुण्यांचा आवाज मला थकल्यासारखा वाटायला लागला. त्यांनाही वाटला असावा. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला, "तब्येत जरा बरी नाही" असं म्हणाले आणि चक्क बसले. मी मिक्सरकडे पाहिलं. अण्णा खाली मान घालून एक बटण अगदी सावकाश, तांदूळ निवडावेत तसं, उलटं फिरवत होते.

मी नंतर विचारलं, "अण्णा, आवाज तुम्ही कमी केलात ना?"

"कमी न्हाई बाई, नुसती जान काढली त्यातली," ते म्हणाले. "मानसाला आपलाच आवाज म्हातारा वाटला की तो खाली बसतो."

त्यांच्याकडे माईक पुष्कळ होते, पण एक माईक वेगळा होता. त्याच्या दांड्याला तांबड्या लोकरीचा धागा गुंडाळलेला असायचा. तो गाण्याचा माईक. त्यावर भाषण करायला सक्त बंदी. आभारप्रदर्शनसुद्धा नाही. मी विज्ञानाची मास्तरीण, मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, "अण्णा, माईकला काय कळतं कोण बोलतंय ते?"

"माईकला न्हाई कळत. मला कळतं की."

एकदा आमच्याच कार्यक्रमाच्या उद्घाटनाला एक पुढारी आले. दीप लावला, नारळ घेतला, आणि भाषणाचा माईक सोडून सरळ गाण्याच्या माईकसमोर जाऊन उभे राहिले. 'बंधू आणि भगिनींनो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसतं तोंडच उघडलं. आवाज नाही. अण्णांनी वायर उपटली होती. पुढाऱ्यांचे कार्यकर्ते धावायच्या आत अण्णाच दुसरा माईक घेऊन धावत पोचले. "साहेब, त्यो बारका हाय. तुमच्या आवाजाला पुरायचा न्हाई. ह्यो घ्या." साहेब असे काही खुलले, की भाषण पाच मिनिटांत आटोपून जाताना अण्णांच्या पाठीवर थाप मारून गेले. आम्ही हसून हसून बेजार झालो. अण्णा मात्र गंभीर चेहऱ्यानं गाण्याचा माईक रुमालानं पुसत बसले होते.

ही विद्या ते शिकले कुठे, तर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. हे मला कित्येक वर्षांनी कळलं. सुरुवातीची तीन-चार वर्षं बाजाराच्या दिवशी तिथं ते पुकारायच्या माईकवर बसायचे. कुणाची गाय सुटली, कुणाचा म्हातारा हरवला, हे पुकारायचं काम. "तिथं मला म्हशींनी शिकवलं बाई," ते सांगायचे. "माईकची शिट्टी वाजायच्या आदुगर म्हशीचे कान टवकारत्यात. मानसाला कळायच्या आत तिला कळतं. मी कर्ण्याकडं बगायचोच न्हाई, म्हशीकडं बगायचो."

"आणि मग मैफलीत काय बघता? आमचे कान तर हलत नाहीत."

"खांदं बगतो. आवाज टोचत आसला की मानूस खांदं वर वढून बसतो, त्येचं त्येला ठावं नसतं. आवाज बरूबर लागला की समद्यांचं खांदं एकदम खाली येत्यात. ते आलं की मी बटनावरला हात काढतो."

त्या दिवसापासून मलाही तीच खोड लागली. गवयानं पहिला सा लावला की मी शेजारच्याचे खांदे बघते. डॉक्टरांचे खांदे कधीच खाली यायचे नाहीत, पण तो त्यांच्या पेशंटांचा प्रताप.

सुशीलाताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या ती पाडव्याची सकाळ. गाणाऱ्या म्हणून त्यांचं नाव मोठं होतं आणि फटकळ म्हणूनही. आमच्याकडे हॉल कसला, तर पत्र्याचं मंगल कार्यालय. त्यात जेवणाच्या पंगती उत्तम उठायच्या, पण बोललेलं एकही वाक्य धड ऐकू यायचं नाही. आदल्या दिवशी दुपारी अण्णा तिथं आले आणि रिकाम्या हॉलभर हिंडत प्रत्येक कोपऱ्यात एकेक टाळी वाजवू लागले. टाळी वाजवायची, डोळे मिटायचे, पुढं जायचं. वॉचमनला वाटलं माणूस बिघडला. मग अण्णा म्हणाले, "बाई, बारदान पायजे. पन्नास तरी."

मार्केटमधून कांद्याची रिकामी पोती आणली. गयाबाईंनी ती दाभणानं एकमेकांना शिवून त्यांचे पडदे केले आणि अण्णांनी ते पत्र्याच्या भिंतींवर टांगले. सगळं झाल्यावर पुन्हा टाळ्यांची फेरी झाली. अण्णा म्हणाले, "बास. झालं." तेव्हा दारात उभ्या असलेल्या गयाबाई म्हणाल्या, "त्या मोरीच्या कोपऱ्यात आजून दोन लावा." अण्णांनी लावली. मी हे कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, आणि माझ्या डोक्यात काहीसुद्धा उजेड पडला नाही.

सकाळी सातला सुशीलाताई आल्या. पोती बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय गोदाम आहे का?" असं त्या पुटपुटल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं. कांद्याचा वास तर सगळीकडे होताच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं. ताई बसल्या, तंबोरे जुळले, तांबड्या धाग्याचा माईक समोर आला. त्यांनी सा लावला, आणि पुढचा स्वर घ्यायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या. आपलाच आवाज इतका आपल्याजवळ राहिलेला त्यांनी पत्र्याखाली कधी ऐकला नसावा. दोनशे माणसांचे खांदे एकदम खाली आले. मी पाहिलं. त्यानंतर अडीच तास ताईंनी तोडी अशी काही गायली, की चहाची किटली घेऊन आलेला आचारी दारातच किटली खाली ठेवून बसला. चहा पार निवला, पण कुणी तक्रार केली नाही.

कार्यक्रम संपल्यावर हार-तुरे बाजूला सारून ताईंनी विचारलं, "ही पोती कुणी लावली?"

अण्णांना शोधून आणलं. ते मागे वायरी काढत होते. ताईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. अण्णा इतके दचकले की त्यांच्या हातातलं वायरीचं भेंडोळं खाली पडलं.

"गाणं कसं वाटलं तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"गाणं?" अण्णा गोंधळले. मग खरं ते बोलून गेले. "गाणं मी न्हाई ऐकलं ताई. मी आवाज ऐकला. मिक्सरच्या बोर्डावर बसल्यावर गाणं ऐकू येत न्हाई. कुटं खरखर हाय का, कुटं शिट्टी निगती का, तेवडंच ऐकू येतं."

"म्हणजे इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"न्हाई."

ताई फटकळ, पण त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मी परत येईन. त्या खेपेला तुम्ही समोर बसायचं. पहिल्या रांगेत. तुम्ही बसल्याशिवाय मी सा लावणार नाही."

अण्णा लाजून हसले. "मी समोर बसल्यावर बोर्ड कुनाच्या हाती देऊ ताई?"

हे म्हणताना वायरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसऱ्या टोकाकडून गयाबाई ती गुंडाळत येत होत्या.

ताईंचं बोलणं आम्ही मनावर घेतलं. पुढच्या वर्षी व्हायोलिनचा कार्यक्रम होता, तेव्हा डॉक्टरांनी अण्णांना दंडाला धरून पहिल्या रांगेत बसवलं. म्हणाले, सगळं जुळलेलं आहे, बटणं आपोआप थोडीच फिरणार आहेत? अण्णा बसले. तीन मिनिटं झाली असतील. त्यांची मान तिरकी झाली, मग खांदे वर गेले, मग ते उठलेच. आम्हाला कुणालाच काही बिघडलेलं ऐकू येत नव्हतं. उरलेला सगळा कार्यक्रम ते बोर्डापाशीच होते.

"अण्णा, जरा दुर्लक्ष करून नुसतं ऐकावं माणसानं," डॉक्टर नंतर म्हणाले.

"डॉक्टर, तुमी लग्नाला गेलात आन् पंगतीत शेजारचा दम लागल्यावानी खोकाय लागला, तर तुमी जिलबी खाल का त्येचा खोकला ऐकाल?"

आमच्या डॉक्टरांना गप्प केलेलं मी त्या एकदाच पाहिलं.

त्या दिवशी टेम्पोत सामान चढवून झाल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टोपी काढून पुन्हा घातली. "बाई, एक इचारू का? गान्यात लोकं रडत्यात. मी इतकी वर्सं बोर्डावरून बगतो. चांगली कर्ती मानसं, बायका, दुकानदार, डोळं पुसत्यात. त्येंना काय ऐकू येतं?" मी काहीतरी पुस्तकी बोलले. ते म्हणाले, "मला एकदा ऐकायचंय बाई. मरायच्या आदुगर एकदा. एक गाणं, सुरुवातीपासून शेवटापातुर." मग स्वतःच हसून टेम्पोत जाऊन बसले. गयाबाई आधीच मागे बॉक्सशेजारी बसल्या होत्या.

पुढे डीजेचे दिवस आले. भिंतीएवढे स्पीकर लावून लोक वराती काढू लागले. अण्णांना कुणी विचारेना. "त्यात ऐकायचं काय आस्तंय, छातीवर मारच खायचा," असं म्हणून ते आमच्यासारख्या चार मंडळांची, भजन-कीर्तनाची कामं करत राहिले. आणि एका सकाळी उठायला गेले तो उजवी बाजू हलेना. डॉक्टरांनी धावपळ करून दवाखान्यात पोचवलं. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र राहिला. बोटं चहाचा कप धरायची, पण बारीक बटण काही त्यांच्या ताब्यात येईना. अण्णांनी मिक्सरवर चादर टाकली आणि ते ओट्यावर बसू लागले.

कान मात्र होते तसेच. मी भेटायला गेले की दोन गल्ल्या पलीकडच्या देवळातल्या भजनाकडे बोट दाखवून म्हणायचे, "डावा बॉक्स फाटलाय त्येंचा. सांगा कुनीतरी." मी जाऊन विचारलं, तर खरंच डावा बॉक्स फाटलेला. ते मी त्यांना सांगितलं नाही. कान असून हात नसणं काय असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अशात सुशीलाताईंचा फोन आला. वय सत्तरीपार गेलेलं. म्हणाल्या, "आता फार ठिकाणी गात नाही. पण बेलापूरचं एक देणं आहे. ते साउंडवाले आहेत ना?"

मी नुसतं "आहेत" म्हटलं आणि फोन ठेवला.

डॉक्टर म्हणाले, श्रीरामपूरहून कुणालातरी बोलवू. तेच सांगायला मी अण्णांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बोलवा बाई. मी काय आता कामाचा हाय? पन मी यायचो न्हाई. बिनकामाचा मानूस पुडं बसवून काय शोभा करायची?"

गयाबाई आतून चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दुसऱ्याला कशापायी? बोर्डावर मी बसते."

अण्णा हसले. वाईट हसले नाहीत, लहान मूल बोललं की हसतात तसे. "तू?"

"व्हय, मी. चाळीस वर्सं काय नुसत्या वायरी गुंडाळल्या का? तुमी बटन फिरवायचात, ऐकू तर मलाबी येत हुतं. पत्र्याच्या हालात मोरीच्या कोपऱ्यात दोन पोती वाढवा, आसं कुनी म्हनलं हुतं?"

अण्णांनी चहाचा कप डाव्या हातानं बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून, जणू मलाच खबर देताहेत अशा आवाजात म्हणाले, "हिनंच म्हनलं हुतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलींनी शिकावं, पुढं यावं, म्हणून दरवर्षी शाळेत भाषण ठोकणारी मी. 'बोर्ड कुणाच्या हाती देऊ' असं अण्णा इतक्या वर्षांत कितीदा म्हणाले असतील, आणि दरवेळी वायरीच्या दुसऱ्या टोकाला ही बाई उभी होती. अण्णांना दिसली नाही ते एक वेळ सोडा, मला तरी कुठे दिसली?

मग आठ दिवस त्यांच्या अंगणात शाळा भरली. मिक्सरवरची चादर निघाली. अण्णा बाजेवर, गयाबाई बोर्डावर, आणि माईकसमोर मी, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं. मी पाढे म्हणायचे. अण्णा ओरडायचे, "ट्रेबल! ट्रेबल काढ! बाईंचा आवाज पत्र्यावानी लागतोय." गयाबाई उलट म्हणायच्या, "बाईंचा आवाज हायेच तसा, त्यात ट्रेबल काय करील?" पस्तीस वर्षं मी त्या आवाजात शिकवलं, पण इतक्या स्पष्टपणे मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मैफलीच्या सकाळी हॉल तोच, पोती तीच. गयाबाईंनी नवी तांबडी लोकर आणून गाण्याच्या माईकला गुंडाळली. अण्णा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले आणि स्वतःची खुर्ची डाव्या हातानं ओढत बोर्डाशेजारी नेऊन बसले. "मी नुसता हितं बसतो. बोलनार न्हाई."

गयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "समोर जाऊन बसा."

"आगं पन काही लागलं तर..."

"हितं बसलात तर मी समद्या वायरी काढून घरी जाईन. मग गाऊ द्या ताईंला बिनमाईकचं."

अण्णा उठले. मी त्यांचा हात धरून पहिल्या रांगेत आणलं. सुशीलाताई व्यासपीठावर बसल्या होत्या. आवाज थकलेला, पाठीला लोड. त्यांनी अण्णांना ओळखलं, मान लववली, आणि ते खुर्चीवर नीट टेकेपर्यंत खरंच सा लावला नाही.

गाणं सुरू झालं. मी अण्णांच्या शेजारी होते. गाण्याकडे माझं लक्ष होतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. माझं लक्ष त्यांच्या खांद्यांकडे होतं. ते वर ओढलेले, टोपीला टेकतील की काय असे. मान तिरकी, डोळे आढ्याकडे. बोर्डावरून उठलेला माणूस मनानं बोर्डावरच बसला होता. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली.

आणि मध्येच, ताई अगदी हलक्या आवाजात वरच्या स्वराकडे चालल्या असताना, स्पीकरमधून खर्रर्र आवाज आला. एकदा. मग पुन्हा, मोठा.

सगळ्या हॉलनं मान वळवली, ती बोर्डाकडे नाही, अण्णांकडे. सवयच होती आम्हाला. डॉक्टर तर अर्धे उठलेसुद्धा. अण्णांचा डावा हात गुडघ्यावरून उचलला गेला. मला वाटलं, झालं. उठले हे. आता ह्यांचं गाणं राहिलं ते राहिलंच.

हात अधांतरी थांबला. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी वळून पाहिलं असतं तर सगळ्या हॉलनं पाहिलं असतं, आणि बोर्डावर बसलेल्या बाईला ते आयुष्यभर पुरलं असतं. त्यांनी हात हळूच पुन्हा गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मागे गयाबाई खाली वाकल्या, कुठलीतरी वायर दाबली, बदलली, देव जाणे. चार श्वासांत खरखर थांबली. ताई त्या स्वरावर पोचल्या तेव्हा तो स्वच्छ होता.

अण्णांचे खांदे खाली आले.

ते मी पाहिलं. आधी उजवा, आजारातला, मग डावा. मग बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली, चुकत चुकत. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. कदाचित त्यांना कळलंही नसेल. मी माझंही पुसलं नाही. शेवटी भैरवी झाली, लोक उठले, टाळ्या झाल्या, अण्णा बसलेलेच.

ताई खाली उतरून त्यांच्याजवळ आल्या. "ऐकलंत?"

"ऐकलं," अण्णा म्हणाले. दोघं नुसतेच एकमेकांकडे बघून माना हलवत राहिले.

ताई गेल्यावर डॉक्टरांना राहवलं नाही. "अण्णा, मध्ये ती खरखर झाली तेव्हा मला वाटलं तुम्ही उठताच."

अण्णांनी डॉक्टरांकडे मोठ्या निरागसपणे पाहिलं. "खरखर? कवा झाली? मला न्हाई आली ऐकू."

दोन गल्ल्या पलीकडचा फाटका बॉक्स ओळखणारा हा माणूस! बोर्डापाशी वायरी काढणाऱ्या गयाबाईंनी मान वर केली. "झाली हुती. तिसरी वायर जोडाला ढिली हुती. तुमीच डाग देऊन जोडली हुती ती."

"आसंल," अण्णा म्हणाले.

अण्णा त्यानंतर वर्षभर होते. गयाबाई आजही आमच्या कार्यक्रमांना बोर्डावर असतात आणि लांबलेल्या भाषणांची जान अण्णांपेक्षाही सफाईनं काढतात. पण भाचीनं विचारलं तेव्हा मला दिसले ते त्या सकाळचे अण्णा. हॉल रिकामा झालेला. आम्ही पोती उतरवतोय. सगळ्या खुर्च्या एकात एक रचून झालेल्या, एकच उरलेली, अण्णांची. गयाबाई खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठा आता. खुर्ची द्यायचीय."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. डावा हात जरासा वर करून त्यांनी तिला थांबवलं.

"थांब की जरा. आजून ऐकू येतंय."

गयाबाईंनी खांद्यावरची वायर खाली ठेवली. रचलेल्या खुर्च्यांतली एक काढली, त्यांच्या शेजारी मांडली, आणि बसल्या.